आधी दोष ठरवा, मग फायबर

रुळांच्या कडेने गेलेल्या ऑप्टिकल फायबरमधून रुळाची अवस्था ओळखता येते, हे आता प्रयोगशाळेपुरते राहिलेले नाही. युरोप, अमेरिका आणि हाँगकाँगमध्ये चालत्या मार्गांवर अशी यंत्रणा लावून पाहिली गेली आहे आणि भारतात तिचेच एक भावंड हत्तींच्या रक्षणासाठी कामाला लागले आहे. तुम्ही रेल्वेच्या अभियांत्रिकी वा सिग्नल विभागात असाल, मेट्रोच्या देखभालीचे काम पाहत असाल, बंदराच्या किंवा वीजकेंद्राच्या खासगी सायडिंगची जबाबदारी तुमच्याकडे असेल, तर आज ना उद्या या यंत्रणेचा प्रस्ताव तुमच्या टेबलावर येईल. त्यात रुळाचा तडा, दरड, घुसखोरी, केबलचोरी, चाकांतील बिघाड असे सगळे एकाच पेटीतून कळेल असे लिहिलेले असेल. माझे म्हणणे एवढेच आहे की त्या यादीला भुलू नका. 'रुळाला तडा' या दोन शब्दांखाली अनेक वेगवेगळे दोष येतात. त्यांतले काही फायबरला चांगले कळतात, काही ओझरते कळतात आणि काही अजिबात कळत नाहीत. तुमच्या मार्गावर कोणता दोष आजच्या तपासणीतून निसटतो हे आधी ठरवा. फायबर कोणते, कुठे बसवायचे आणि मुळात हवे का, याचे उत्तर त्यातूनच निघते.

आधी यंत्रणा काय ऐकते ते समजून घेऊ. काचेचा तंतू कितीही शुद्ध असला तरी त्याच्या आत घनतेचे सूक्ष्म चढउतार असतात. तंतूच्या एका टोकाला बसवलेले यंत्र लेझरचे अत्यंत छोटे स्पंद आत सोडते आणि या चढउतारांवर विखुरून मागे फिरणारा प्रकाश मोजते. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. त्यामुळे परतायला लागलेल्या वेळेवरून तो किती अंतरावरून आला हे काढता येते. शंभर नॅनोसेकंदांचा स्पंद वापरला तर साधारण दहा मीटरचा एकेक तुकडा वेगळा ओळखता येतो. जमीन हादरली की त्या जागचा तंतू किंचित ताणला जातो आणि परतणाऱ्या प्रकाशाची कला बदलते. म्हणजे ४० किलोमीटरच्या केबलमधून चार हजार कान मिळतात आणि मार्गावर कुठेही वीज किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरण ठेवावे लागत नाही. मर्यादाही याच हिशेबात आहेत. ४० किलोमीटर जाऊन परतायला प्रकाशाला ०.४ मिलिसेकंद लागतात, म्हणून सेकंदाला २,५०० पेक्षा जास्त स्पंद सोडता येत नाहीत, आणि त्यामुळे १,२५० हर्ट्झच्या वरची कंपने विश्वासाने मोजता येत नाहीत. शिवाय एवढ्या लांबीवर जाता-येता प्रकाश क्षीण होत जातो. टोकाकडून येणारा संकेत जवळच्या संकेताच्या जेमतेम चाळिसाव्या भागाइतका उरतो. 'एका यंत्रात अमुक किलोमीटर' हा आकडा ऐकला की शेवटच्या दहा किलोमीटरांत किती अचूकता उरते, हा प्रश्न लगेच विचारा.

आता मुख्य गोष्ट. तडा स्वतःहून आवाज करत नाही. मडके घेताना आपण टिचकी मारून पाहतो, कारण न वाजवता फुटके मडके आणि धड मडके सारखेच दिसते. रुळाच्या बाबतीत ही टिचकी गाडी मारते. प्रत्येक चाक तुटलेल्या, खचलेल्या किंवा पोकळी पडलेल्या जागेवरून जाताना आघात करते आणि तो आघात खडीतून, मातीतून केबलपर्यंत पोचतो. इथे एक फार उपयोगी नियम हाती लागतो. चाकाला सपाट डाग पडला असेल तर आघाताची जागा गाडीबरोबर पुढे सरकत जाते. रुळात दोष असेल तर गाडी कोणतीही असो, आघात त्याच ठिकाणी होतो. म्हणून एका गाडीच्या नोंदीवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे, पण वीस गाड्यांच्या नोंदी एकमेकींवर ठेवल्या की जागा सोडून न जाणारा दोष उठून दिसतो. बसलेला वेल्ड, सैल झालेला सांधा, स्लीपरखाली झालेली पोकळी, एका जागी मातीत कालवलेली खडी हे सारे असेच दिवसागणिक वाढत जाणारे दोष आहेत. फायबरची खरी ताकद इथे आहे. आज आणि महिन्याभरापूर्वी यांत काय फरक पडला हे ते रोज, प्रत्येक गाडीगणिक सांगू शकते. कोणतीही तपासणी गाडी एवढ्या वेळा त्या जागेवरून जाणार नाही.

याच कारणाने फायबरला काय कळणार नाही हेही स्पष्ट होते. रुळाच्या डोक्याच्या आत सुरू झालेली, पृष्ठभागापर्यंत न आलेली भेग चाकाला जाणवतच नाही. चाक गुळगुळीत पुढे जाते, आघात होत नाही आणि केबलला ऐकण्यासारखे काही उरत नाही. अशी भेग शोधायला अल्ट्रासोनिक तपासणीच लागते आणि पुढेही लागणार. डोक्याच्या कडेवर वारंवारच्या दाबाने पडणाऱ्या बारीक भेगांचेही तसेच. १७ ऑक्टोबर २००० रोजी इंग्लंडमध्ये हॅटफील्डजवळ लंडनहून लीड्सला जाणारी गाडी घसरली, चार प्रवासी मृत्युमुखी पडले. त्या जागचा रूळ अशाच भेगांनी पोखरला होता आणि गाडीखाली त्याचे तीनशेहून अधिक तुकडे झाले. तिथे केबलवर ऐकणारी यंत्रणा असती तरी तिने पहिला ठोस संकेत दिला असता तो रूळ फुटताना, म्हणजे त्याच गाडीखाली. म्हणून फायबर आल्यावर अल्ट्रासोनिक तपासणीच्या फेऱ्या कमी करता येतील असे कोणी सुचवले, तर ते साफ नाकारा. दोन्ही साधने वेगवेगळ्या दोषांची आहेत. एकाचा खर्च दुसऱ्याच्या बचतीतून भागवणे म्हणजे भेगांना पुन्हा मोकळे रान देणे आहे.

मग पूर्ण तुटलेल्या रुळाचे काय? इथे आपल्याकडे एक पोकळी नकळत तयार होत गेली आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. १८७२ मध्ये अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी बंद ट्रॅक सर्किट आणले. त्याचे मुख्य काम मार्गावर गाडी आहे की नाही हे सांगणे, पण त्यातला विद्युतप्रवाह रुळांतूनच वाहत असल्यामुळे रूळ तुटला की प्रवाह खंडित होऊन सिग्नल लाल व्हायचा. हा फायदा पूर्ण नव्हता. तुटलेली टोके एकमेकांना चिकटून राहिली, किंवा नुसता तळाचा भाग तुटला तर प्रवाह चालूच राहतो. तरीही जोडफळ म्हणून मिळालेली ती मोठी सुरक्षा होती. आता अनेक मार्गांवर ट्रॅक सर्किटांच्या जागी ॲक्सल काउंटर आले आहेत. पावसाळ्यात पाणी तुंबणे, खडीतून प्रवाह गळणे या त्रासांतून त्यांनी सुटका केली, हे खरेच आहे. पण ॲक्सल काउंटर केवळ आत आलेली आणि बाहेर पडलेली चाके मोजतो. मधला रूळ अखंड आहे की तुटलेला, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. अपघात टाळणाऱ्या 'कवच' यंत्रणेचेही काम वेग आणि सिग्नल पाळायला लावण्याचे आहे, तुटका रूळ तिच्या कक्षेत येत नाही. ज्या मार्गावरून ट्रॅक सर्किट गेले आणि तुटका रूळ ओळखणारे दुसरे काही त्याच्या जागी आले नाही, तो मार्ग फायबरच्या यादीत पहिला असावा.

अशा मार्गांतही प्राधान्य ठरवायला तापमानाचा हिशेब उपयोगी पडतो. लांब वेल्ड केलेल्या रुळाला आकसायला किंवा पसरायला जागाच नसते, त्यामुळे तापमानातला प्रत्येक बदल ताण किंवा दाब होऊन आत साठतो. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात दर अंशाला जवळजवळ दोन टन बल निर्माण होते. रूळ बसवताना ठरवलेल्या तापमानापेक्षा तो ३० अंशांनी थंड झाला, तर एकेका रुळात पंचावन्न टनांहून अधिक ओढ असते. आत लपलेली भेग किंवा कच्चा वेल्ड अशाच रात्री तुटतो. थंडीत पहाटे रूळ तुटल्याच्या बातम्या वाढतात त्या यामुळे. भुसावळ, मनमाड, अकोला, नागपूर या पट्ट्यात मे महिन्यात हवाच ४५ अंशांकडे जाते, उन्हात रूळ त्याहून पंधरा-वीस अंश अधिक तापतो, आणि जानेवारीच्या पहाटे तेच तापमान दहाच्या खाली येते. किनारपट्टीवर हा फरक पुष्कळ कमी आहे. म्हणजे महाराष्ट्रात रूळ तुटण्यासाठी फायबर लावायचे तर विदर्भ-खानदेशाचा सपाट पट्टा आधी, कोकण नंतर. कोकणात त्याचे काम वेगळे आहे.

ते काम दरडींचे. रोह्यापासून ठोकूरपर्यंतच्या ७४१ किलोमीटरच्या कोकण रेल्वेवर रूळ थंडीने तुटण्यापेक्षा पावसात कटिंगमधून दगड येण्याची भीती मोठी. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीमुळे घसरलेल्या गाडीत पन्नासहून अधिक माणसे गेली. मोठा दगड पडला की जमीन जोराने हादरते आणि तो हादरा, गाडी नसतानाही, केबलला थेट कळतो. हत्तींचे तसेच. ईशान्य सीमा रेल्वेने २०२२ च्या सुमारास अलीपूरद्वार आणि लमडिंग विभागांत रुळाशेजारच्या फायबरवरून हत्तींची पावले ओळखण्याच्या चाचण्या घेतल्या आणि पुढे ही यंत्रणा 'गजराज' या नावाने विस्तारण्याचे ठरले. भारतीय रेल्वेच्या हाती या तंत्राचा स्वतःचा अनुभव आहे, ही मोठी जमेची बाजू. पण त्यातून घाईने निष्कर्ष काढू नका. हत्तीचे पाऊल जड, सावकाश आणि कमी वारंवारतेचे असते, ते एरवी शांत असलेल्या जमिनीवर उमटते. रुळातली दोन सेंटिमीटरची फट मात्र शंभर चाकांच्या गदारोळात शोधायची असते. हत्ती ओळखणारे सॉफ्टवेअर तडा ओळखेलच असे नाही. त्यासाठी नोंदी, उंबरठे आणि शिकवणी सगळे वेगळे लागते.

आता केबलचा प्रश्न. रेल्वेच्या रेलटेल या दूरसंचार कंपनीचे फायबरचे जाळे ६० हजार किलोमीटरहून अधिक आहे आणि त्यातले कितीतरी तंतू रिकामे पडलेले असतात. असा एक तंतू घ्या, टोकाला यंत्र जोडा, झाले काम, असा प्रस्ताव स्वस्त आणि आकर्षक वाटतो. सुरुवातीच्या चाचणीसाठी तो योग्यही आहे. पण दूरसंचारासाठी घातलेली केबल मुद्दामच अशी बनवलेली असते की बाहेरचा ताण आतल्या तंतूला जाणवू नये. तंतू जेलने भरलेल्या नळीत सैल असतो, नळी प्लॅस्टिकच्या डक्टमध्ये, डक्ट रुळापासून काही मीटर लांब, पुलांवर पुन्हा लोखंडी पाइपात. प्रत्येक थर थोडा आवाज गिळतो. जमिनीत थेट गाडलेली केबल डक्टमधल्या केबलपेक्षा चांगली ऐकते आणि रुळाला चिकटवलेला तंतू सर्वांत चांगला ऐकतो. चिकटवलेल्या तंतूत तर एक साधी सोय आहे: रूळ तुटला की तोही तुटतो आणि कोणत्या अंतरावर तुटला हे क्षणात कळते. अडचण देखभालीची. खडी ठोकणाऱ्या यंत्राचा, रूळ घासण्याचा, अल्युमिनोथर्मिक वेल्डच्या उष्णतेचा मार तो किती दिवस सोसणार? शेकडो किलोमीटर रुळाला तंतू चिकटवणे मला व्यवहार्य वाटत नाही. पुलांचे चढउतार, तीव्र वळणे, बोगद्यांची तोंडे अशा निवडक शंभर-दोनशे मीटरांसाठी मात्र तो विचारात घ्यावा.

अशा निवडक जागी आणखी दोन प्रकार कामाचे आहेत. तंतूच्या आत अतिनील किरणांनी कोरलेल्या बारीक जाळीला ब्रॅग जाळी म्हणतात. ताण किंवा तापमान बदलले की ती परतवत असलेल्या प्रकाशाची तरंगलांबी बदलते. हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठाने तिथल्या रेल्वेमार्गांवर असे संवेदक बसवून गाड्यांच्या चाकांची आणि मार्गाची देखरेख केली आहे. ही जाळी एका बिंदूवरची हकीगत अतिशय अचूक सांगते, पण पन्नास मीटर पलीकडचे तिला काही कळत नाही. दुसरा प्रकार ब्रिल्वाँ विकिरणावर चालतो आणि तंतूच्या सबंध लांबीवरचा ताण व तापमान देतो. त्याची मोजणी सावकाश होते, म्हणून क्षणिक आघात त्याच्या हाती लागत नाहीत. परंतु उन्हाळ्यात रूळ वाकण्याआधी दाब कुठे साठतो आहे, किंवा भराव हळूहळू खचतो आहे का, हे पाहायला तो उत्तम. नुसते तापमान हवे असेल तर रामन विकिरणावरची यंत्रणा पुरते. थोडक्यात, 'फायबर सेन्सर' नावाची एक वस्तू नसतेच. उन्हाळ्यातला वाक ही तुमची चिंता असेल आणि तुम्ही कंपने ऐकणारे यंत्र विकत घेतले, तर दोष यंत्राचा म्हणता येणार नाही.

यंत्र घेण्याआधीची एक पायरी बहुतेक प्रस्तावांत अर्ध्या ओळीत उरकलेली असते, ती म्हणजे केबल आणि मार्ग यांचा मेळ. केबलमधले अंतर आणि रुळावरचे अंतर कधीच सारखे नसते. प्रत्येक सांध्यापाशी काही मीटर केबल वेटोळे करून ठेवलेली असते, स्टेशनात ती आत जाऊन बाहेर येते, नाला टाळायला वळसा घेते. दहा-वीस किलोमीटरनंतर हा फरक शेकडो मीटरांचा होऊ शकतो, आणि रात्री तीन वाजता ट्रॅकमनला चुकीच्या खांबापाशी पाठवले तर इशाऱ्याचा उपयोग काय? म्हणून किलोमीटरच्या प्रत्येक खांबापाशी, पुलाच्या दोन्ही टोकांना आणि फाटकांपाशी जमिनीवर घण मारून ती जागा केबलच्या कोणत्या अंतराला येते याची नोंद करून घ्या. केबल दुरुस्त झाली, नवा सांधा आला की तेवढ्या भागाची नोंद पुन्हा करा. हे काम पुरवठादाराने एकट्याने उरकू नये. मार्गाचा सेक्शन इंजिनिअर आणि दूरसंचार विभाग, दोघांची माणसे बरोबर असावीत.

यानंतर एक फुकटातली परीक्षा आहे आणि ती घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. तुमच्या मार्गावर फिशप्लेटचे सांधे, सिग्नलसाठीचे इन्सुलेटेड जोड, पॉइंट्सची क्रॉसिंगे आधीपासून आहेतच. प्रत्येक ठिकाणी चाकाला छोटा धक्का बसतो. त्यांची यादी तुमच्याकडे असते, पुरवठादाराला देऊ नका. महिनाभराच्या नोंदींवरून त्याला हे सांधे शोधून दाखवू द्या. ज्या यंत्रणेला ठाऊक असलेला सांधा दिसत नाही, तिला नवी फट दिसण्याची आशा नाही. आणि जिथे तिला सांधे दिसतात पण क्रॉसिंगच्या गोंगाटात शेजारचा वेल्ड वेगळा काढता येत नाही, तो भाग तिच्या कक्षेबाहेर आहे असे नकाशावर लाल रंगाने दाखवा. १२ जुलै २०१३ रोजी पॅरिसजवळ ब्रेतिन्यी इथे सात जणांचा बळी घेणारा अपघात पॉइंट्समधल्या सुटलेल्या फिशप्लेटमुळे झाला होता. स्टेशनचे यार्ड हा आवाजावर चालणाऱ्या यंत्रणेचा कच्चा दुवा आहे, तिथे डोळ्यांची तपासणी अधिक कडक ठेवावी लागते.

सर्वांत गंभीर आक्षेप खोट्या इशाऱ्यांचा आहे आणि तो खोडून काढण्यासारखा नाही, त्याला उत्तरच द्यावे लागते. ४० किलोमीटरचे चार हजार तुकडे, दिवसाला पन्नास गाड्या, म्हणजे यंत्रणा रोज दोन लाख वेळा 'ठीक आहे की नाही' याचा निवाडा करते. हजारात एकदाच ती चुकली असे धरले तरी दिवसाला दोनशे खोटे इशारे होतात, दर सात मिनिटांना एक. तिसऱ्या दिवशी नियंत्रण कक्षातला माणूस ते पाहणे सोडून देईल आणि त्यात त्याची चूक नसेल. म्हणून 'अचूकता ९९ टक्के' हा आकडा इथे निरर्थक आहे. शंभर किलोमीटरमागे आठवड्याला किती खोटे इशारे, आणि खरे दोष किती निसटले, हे दोनच आकडे मागा. इशाऱ्यांच्या पायऱ्याही दोन ठेवा. हळूहळू वाढणाऱ्या दोषासाठी एकापाठोपाठ अनेक गाड्यांच्या नोंदी जुळल्यावरच देखभाल विभागाला सूचना जावी, तिला एक-दोन दिवस लागले तरी चालतील. अचानक तुटण्यासाठी मात्र थांबता येत नाही: रूळ तुटतानाचा एकच तीव्र धक्का, त्याच जागी पुढच्या गाडीच्या प्रत्येक चाकाला आघात, आणि त्या वेळी रुळाचे घसरलेले तापमान, हे तिन्ही जुळले तर लगेच वेगमर्यादा. पहिली गाडी त्यात वाचेलच असे नाही, बहुतेक वेळा ती सुखरूप पारही होते. दुसरी गाडी थांबवणे हे या यंत्रणेचे वास्तव उद्दिष्ट आहे, आणि ते लहान नाही.

इथेच सिग्नल विभागाचा आक्षेप येतो: ही यंत्रणा बिघाडात सुरक्षित बाजूला झुकणारी नाही. तो आक्षेप बरोबर आहे. ट्रॅक सर्किटची तार तुटली की सिग्नल लाल होतो, तिथे मौन म्हणजे धोका. फायबरच्या यंत्रणेत इशारा न येणे म्हणजे सर्व ठीक, की गाडीच गेली नाही, की यंत्राला ऐकूच आले नाही, हे नुसत्या मौनावरून कळत नाही. म्हणून तिला आज थेट सिग्नलांशी जोडू नये. ती सल्ला देणारी यंत्रणा आहे, अडवणारी नव्हे. मात्र तिचे स्वतःचे आरोग्य तिने सतत सांगितले पाहिजे. जेसीबीने केबल तोडली तर कोणत्या किलोमीटरपासून पुढे आपण बहिरे झालो आहोत हे त्याच मिनिटाला कळावे आणि त्या भागात थंडीच्या रात्रींची पायी गस्त आपोआप वाढावी. शक्य असेल तिथे दोन्ही टोकांना यंत्र ठेवले की एका तुटीने सगळा पट्टा हातचा जात नाही.

ट्रॅकमन आणि कीमन आहेत, मग हे कशाला, असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर वेगळे आहे. हातोडा आणि पाना घेऊन रोज मार्ग पायाखाली घालणाऱ्या माणसाला निखळलेली चावी, गायब बोल्ट, खडीतून वाहणारे पाणी जे दिसते ते काचेच्या कोणत्याही तंतूला दिसणार नाही. पण कडाक्याच्या रात्री एकच ठिकाण तो एकदा किंवा दोनदा पाहू शकतो, आणि मधल्या तासांत रूळ तुटला तर त्याचा दोष त्याच्यावर येणे अन्यायाचे आहे. फायबरने त्याची जागा घ्यायची नाही. आज नेमके कुठे थांबून पाहायचे हे फायबरने त्याला सांगायचे आहे. गस्तीची माणसे कमी करण्याच्या हिशेबावर ही खरेदी मंजूर होत असेल, तर ती खरेदी सुरक्षेची नाही.

खर्चाबाबत एक संधी सध्या आहे आणि ती वारंवार येणार नाही. 'कवच'साठी आणि नव्या मार्गिकांसाठी रुळांच्या कडेने चर खणून नवे फायबर घातले जात आहे. खोदाईचा खर्च तंतूच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठा असतो. त्याच चरात, रुळाच्या शक्य तितक्या जवळ, डक्टशिवाय थेट गाडलेली आणि आतला तंतू घट्ट बसवलेली एक वेगळी केबल आताच टाकून ठेवा. यंत्र नंतर घेता येईल, चर पुन्हा खणता येणार नाही. डेटाचा साठाही आधीच मोजा: चार हजार तुकडे, सेकंदाला अडीच हजार नोंदी, म्हणजे दिवसाला दीड टेराबाइटच्या वर. सगळे जपणे अशक्य आहे. गाडी जातानाची काही सेकंदे आणि रोजचा गोषवारा ठेवा, आणि या नोंदींची मालकी पुरवठादाराची नसून तुमची असेल असे करारात लिहा. पाच वर्षांनी दुसऱ्या कंपनीचे सॉफ्टवेअर आणायचे तर जुन्या नोंदींवाचून ते पुन्हा शून्यापासून शिकेल.

शेवटचा प्रश्न इशारा कोणाच्या हाती पडतो याचा. हॅटफील्डच्या रुळातल्या भेगा अपघाताआधीच ठाऊक होत्या, बदलायचे रूळही उपलब्ध झाले होते, पण ते वेळेत त्या जागी बसले नाहीत. १९ ऑगस्ट २०१७ रोजी उत्तर प्रदेशात खतौलीजवळ उत्कल एक्सप्रेस घसरून वीसहून अधिक प्रवासी गेले, तेव्हाही मार्गावर काम चालू असल्याचे तिथल्या माणसांना माहीत होते, आणि गाडी वेगात आली. दोन्हीकडे माहितीची उणीव नव्हती. म्हणून यंत्राच्या निविदेसोबतच एक पानाचा आदेश तयार ठेवा: तातडीचा इशारा आल्यावर कोण, किती मिनिटांत, किती वेगमर्यादा लावणार, आणि ती लावल्याबद्दल गाडी उशिरा धावली तरी त्याला जाब विचारला जाणार नाही. हा आदेश वरिष्ठांच्या सहीने निघत नसेल तर यंत्राची खरेदी पुढे ढकला. तो निघाला, तर चाचणीचा पट्टा पावसाळा संपताच सुरू करा, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे दोन महिने केवळ सामान्य नोंदी जमवण्यात आणि ठाऊक असलेले सांधे तपासण्यात घालवा, आणि डिसेंबरच्या पहिल्या थंड पहाटेपासून इशारे खरे मानायला लागा.